आम्ही कळवू

रविवारची सकाळ. भाची माझ्याकडे आली होती. पोहे भिजवून झाले होते, ती कांदा चिरत होती आणि तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर आपण एरवी उचलत नाही. नोकरी शोधणारं माणूस मात्र सगळे उचलतं, कर्जवाल्यांचे, क्रेडिट कार्डवाल्यांचे, फ्लॅटवाल्यांचे सुद्धा. हा फोन खरा निघाला. कुठल्याशा कन्सल्टन्सीतली मुलगी, आवाजावरून भाचीपेक्षाही लहान. हात कांद्याचे म्हणून फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं. "करंट सीटीसी? एक्स्पेक्टेड? नोटीस पीरियड?" एका दमात तीन प्रश्न. भाचीने हात पुसले, घसा साफ केला आणि अतिशय नम्र पण ठाम इंग्रजीत सांगितलं, की आधीचा पगार सांगणं मला गरजेचं वाटत नाही, या जागेसाठी तुम्ही काय रेंज ठेवली आहे ते कळेल का? पलीकडे जरा वेळ कीबोर्डची टकटक. मग, "मॅम, तो कॉलम कंपल्सरी आहे. ब्लँक ठेवला तर फॉर्म पुढेच जात नाही." भाचीने तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितलं. "ओके मॅम, आम्ही कळवू." फोन बंद.

"असंच बोलायचं असतं," भाची म्हणाली. "पहिला आकडा आपण सांगायचा नाही."

पोहे झाले, खाल्ले, चहा झाला, ती गेली. माझ्या डोक्यातून मात्र तो फोन जाईना. कारण तिने जे वाक्य म्हटलं, ते कुठून आलं हे मला नेमकं ठाऊक होतं. नोकरीबद्दलच्या सल्ल्याचे ते कॉलम मीही वाचते. रात्री जेवणं आटपली, ओटा पुसून झाला, की पलंगावर आडवं व्हायचं आणि कुणाच्या तरी ऑफिसातली भानगड वाचायची, हे माझं जुनं व्यसन आहे. ॲलिसन ग्रीन नावाची अमेरिकन बाई 2007 पासून हेच करते आहे. लोक तिला पत्र लिहितात आणि ती उत्तर देते. पत्रं भारी असतात. मॅनेजर माझ्या डब्यातलं खातो, मुलाखतीत मला नाचायला सांगितलं, नोकरी लागली पण आता दुसरीकडूनही ऑफर आली. बाईंचं उत्तर मुद्देसूद, समंजस, जिथे धीर द्यायचा तिथे धीर, जिथे कान पिळायचा तिथे कान. वर वर्षअखेरीला जुन्या पत्रलेखकांची 'पुढे काय झालं' अशी मालिकाही येते. ती तर मी दिवाळी अंकासारखी पुरवून पुरवून वाचते.

आणि सल्ला वाईट नसतोच. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचून कुणाला वाटेल की मी त्यांच्या नावाने बोटं मोडायला बसले आहे. नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठायचं, ऑफर लेटर हातात येईपर्यंत तोंडी शब्दाला काही किंमत नाही, मुलाखत हे दोन्ही बाजूंनी पारखणं आहे, ह्या गोष्टी आमच्या पिढीला कुणी सांगितल्याच नव्हत्या. आम्ही मुलाखतीला जायचो ते साहेबांनी बसा म्हटलं तरच बसायचं, एवढंच शिकून. भाचीच्या आवाजातला तो ठामपणा मला आवडला होता. तो जिथे जाऊन आपटला, ती भिंत कॉलममध्ये कधी दिसत नाही, इतकंच.

पगार सांगू नका, हा सल्ला तिकडे हवेतून आलेला नाही. मॅसॅच्युसेट्सने 2016 साली कायदा केला की उमेदवाराला मागचा पगार विचारायचा नाही. 2017 मध्ये न्यूयॉर्क शहरात तसाच नियम आला, 2018 च्या जानेवारीपासून कॅलिफोर्नियात. 2021 पासून कोलोरॅडोत तर जाहिरातीतच पगाराची रेंज छापावी लागते. म्हणजे तिथली उमेदवार जेव्हा गोड हसून विषय बदलते, तेव्हा तिच्या पाठीशी बऱ्याच ठिकाणी कायदा उभा असतो. आमच्याकडे असा कायदा नाही. आमच्याकडे शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा आणि कधीकधी बँकेचं स्टेटमेंट, एवढं सगळं ऑफरच्या आधी मागतात आणि आपण पीडीएफ करून पाठवतो. नवा पगार ठरतो तो जुन्यावर टक्के लावून. तीस टक्के हाइक दिली की एचआरला वाटतं आपण उपकार केले. मुळात जुना पगारच कमी असेल, तर तो कमीपणा माणसाच्या मागे एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत येत राहतो.

नोटीस पीरियडचंही तेच. तिकडे मोंटाना सोडलं तर सगळ्या राज्यांत नोकरी दोन्ही बाजूंनी केव्हाही तोडता येते, आणि दोन आठवडे आधी सांगणं ही झाली रीत. त्यामुळे तिथला सल्ला सोपा आहे. हातात ऑफर आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. इकडे पुण्यात हिंजवडीतल्या आणि खराडीतल्या आयटी कंपन्यांत नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास चालतो, आणि त्याच कंपन्या जाहिरात देतात, 'इमीजिएट जॉइनर्स ओन्ली'. आपल्या माणसाला तीन महिने सोडायचं नाही आणि दुसऱ्याचा माणूस मात्र सोमवारी हजर हवा! मग पोरं काय करतात? ऑफर हातात नसताना पेपर टाकतात, राजीनामा देऊन मोकळी होतात. म्हणजे मग प्रोफाइलवर 'सर्व्हिंग नोटीस' असं लिहिता येतं, शेवटचा दिवस टाकता येतो आणि फोन यायला लागतात. कॉलमच्या हिशेबात हा शुद्ध वेडेपणा आहे. इथे तोच शहाणपणा ठरतो, आणि रात्रीची झोप उडवणाराही ठरतो, कारण नव्वदाचे साठ होतात, साठाचे तीस होतात आणि फोन येतात ते नुसतेच नोटीस पीरियड विचारायला.

मी स्वतः टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं काढली. भोसरीत एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात होते. पुढे त्याच खात्याचं नाव एचआर झालं, टेबल तेच राहिलं. त्यामुळे हे कॉलम वाचताना मला सारखं वाटतं की ह्यातलं ऑफिस फारच विचारी आहे. तिथे उमेदवाराला नाकारतात ते काही कारणाने. त्याच्या सीव्हीत काही कमी होतं, मुलाखतीत तो नको तेवढं बोलला, दुसरा कुणी सरस निघाला. आमच्या टेबलावर अर्ज बाद व्हायचे ते कंपनीची बस त्या बाजूला जात नाही म्हणून. मुलगा चांगला, डिप्लोमा फर्स्ट क्लास, राहायला कात्रजला. सकाळच्या पाळीला सहाला पोचणार कसा? सीव्ही खाली. कधी मागणी डिपार्टमेंटनेच केलेली असायची, जाहिरात जायची, ढीगभर अर्ज यायचे, आणि मग हेड ऑफिसमधून निरोप यायचा की पुढच्या वर्षापर्यंत भरती थांबवा. तो गठ्ठा सुतळी बांधून गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात जायचा. कधी जागेवर कुणाला घ्यायचं ते आधीच ठरलेलं असायचं, जाहिरात आपली पद्धत म्हणून. अर्ज पाठवणारा तिकडे घरी बसून आपल्या इंग्रजीला दोष देत असेल, आणि इकडे प्रश्न बसच्या रूटचा होता. 'तुमचा अर्ज मिळाला, पण' असं पत्र पाठवायची पद्धत आमच्याकडे नव्हती. टायपिस्ट एकच होती आणि तिच्यामागे डिस्पॅचची पत्रं लागलेली असायची.

पण माझी खरी तक्रार ह्याहून वेगळी आहे, आणि ती सल्ल्याबद्दल नाही, पत्रांबद्दल आहे.

कॉलमला पत्र लिहायचं तर आधी प्रश्न लागतो. प्रश्न पडायला काहीतरी घडावं लागतं. मुलाखत झाली आणि विचित्र झाली, ऑफर आली आणि कमी आली, दोन ऑफर आल्या, साहेबाने शब्द फिरवला. म्हणजे पत्र लिहिणारा माणूस आधीच दाराशी पोचलेला असतो. नोकरी शोधण्यातला बाकीचा काळ, म्हणजे जवळजवळ सगळाच, असा असतो की त्यात काहीच घडत नाही. अर्ज केला. उत्तर नाही. आज सोमवार. उत्तर नाही. यावर विचारायचं काय? आणि विचारलंच, तर उत्तर काय छापणार? ॲलिसन ग्रीनबाई याबाबतीत प्रामाणिक आहेत. त्या पुन्हा पुन्हा सांगतात, की अर्ज पाठवला की तो मनातून काढून टाका, पुढे चला, फोन आलाच तर आनंद माना. बरोबर आहे. पण हे उत्तर एकदाच छापता येतं. माणसाला ते रोज सकाळी नव्याने लागतं. म्हणून कॉलममध्ये दिसते ती नोकरीची शोधाशोध म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून संसाराचा अंदाज बांधावा, तशी. फोटो खोटे नसतात, पण रोजच्या वरणभाताचा फोटो कुणी काढत नाही.

भाचीची रोजची सकाळ मी बघितली आहे. नऊ वाजता लॅपटॉप उघडायचा, नोकरी डॉट कॉमवर जायचं आणि रेझ्युमेच्या हेडलाइनच्या शेवटी एक पूर्णविराम टाकायचा. सेव्ह. दुसऱ्या दिवशी तोच पूर्णविराम काढायचा. सेव्ह. का, तर प्रोफाइल आज अपडेट झालं असं दिसलं की शोधणाऱ्याच्या यादीत ते वर येतं, असं सगळी पोरं मानतात. खरं आहे की नाही हे त्यांच्यातल्या कुणालाच नक्की माहीत नाही, पण कुणी ते सोडायलाही तयार नाही. पूर्णविराम टाकून झाला की ती अंघोळीला जाते. मग दिवसभर फोन उलटा ठेवलेला, म्हणजे सारखं बघायला नको, आणि तरी दर दहा मिनिटांनी सुलटा.

आमच्या वेळी हेच काम पोस्ट करायचं. बुधवारच्या इंग्रजी पेपरात नोकऱ्यांची पुरवणी यायची, तिच्यात निळ्या पेनाने गोल करायचे. बॉक्स नंबरच्या जाहिराती असायच्या, म्हणजे कंपनी कुठली तेही कळायचं नाही. कुणाला अर्ज करतो आहोत हे माहीत नसताना 'आपल्या नामांकित संस्थेत' असं लिहायचं. माझे वडील म्हणायचे, साधं पाठवू नकोस, अंडर पोस्टिंग सर्टिफिकेट पाठव. पोस्टातला माणूस त्या चिठोऱ्यावर गोल शिक्का मारून द्यायचा, अर्ज टाकल्याचा पुरावा. ते सगळे कागद वडील एका तारेत ओवून खिळ्याला टांगायचे. अर्ज मिळालाच नाही असं कुणी म्हणालं, तर दाखवायला हवेत ना! तसं म्हणायला कधी कुणी आलंच नाही. पोस्टाने ती सोय 2011 मध्ये बंद केली, तोवर वडीलही नव्हते आणि अर्जही ईमेलने जायला लागले होते. पण ती तार अर्ध्याहून जास्त भरली होती, आणि तिचं मोल काय, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं की वडिलांना आपण काहीतरी करतो आहोत असं वाटायचं, तेवढंच.

वडील आठवले ते उगाच नाही. कॉलममधला उमेदवार मला नेहमी एकटा दिसतो. तो आणि त्याचं करिअर. फार तर कुठे बायकोचा उल्लेख, तोही दुसऱ्या शहरात जायचं असेल तर. आमच्याकडे नोकरी शोधतं ते अख्खं घर. भाचीचे काका सांगलीहून फोन करतात, माझ्या मित्राचा मुलगा अमुक कंपनीत आहे, त्याला सीव्ही टाक. सीव्ही टाकला की आठ दिवसांनी काकांचा पुन्हा फोन, काय म्हणाला तो? त्याने काही म्हटलेलं नसतं. आता काकांना काय सांगायचं? मग काका स्वतःच त्याला फोन करतात आणि भाची डोकं धरून बसते. माझी बहीण दर गुरुवारी उपास धरते, आणि धरते हे लेकीला कळू देत नाही, आणि ते लेकीला माहीत आहे. घराच्या हप्त्यातला निम्मा वाटा भाचीच्या पगारातून जात होता; तो पगार थांबल्यावर हप्ता कसा जातो हे कुणी बोलत नव्हतं. 'काका सारखे विचारतात, काय सांगू' ह्या प्रश्नाला उत्तर देणारा कॉलम अजून माझ्या वाचनात नाही. आपल्या पेपरांच्या पुरवण्यांत जे सल्ले येतात त्यांना तर मुलाखत म्हणजे बूट पॉलिश केलेत का, आणि डोळ्याला डोळा देऊन बोललात का, यापलीकडे जाववत नाही. लिहिणारे बहुधा निवृत्त अधिकारी. त्यांची स्वतःची शेवटची मुलाखत कधी झाली होती, हेही त्या लेखाखाली छापावं असं मला फार वाटतं.

एका प्रश्नापाशी तिकडचे-इकडचे सगळेच कॉलम जरा अडखळतात. लग्न ठरलंय का? भाचीला तो दोन ठिकाणी विचारला गेला, दोन्ही वेळा बाईनेच विचारला. 2017 मध्ये आपल्याकडे बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण तो पगार द्यायचा मालकाने, सरकार त्यात सहसा काही घालत नाही. पंधरा माणसांची कंपनी मग हिशेब रजा देताना करत नाही, नोकरी देतानाच करून टाकते. असा प्रश्न आला तर 'कामाशी त्याचा संबंध कसा आहे ते सांगाल का' असं विचारा, असं कॉलममध्ये असतं. भाचीने तसं विचारलं नाही. "नाही, इतक्यात नाही," असं म्हणून मोकळी झाली. मला सांगताना हसली आणि म्हणाली, "मावशी, तिथे मला कायदा जिंकायचा नव्हता, सेकंड राउंड हवा होता."

तिला नोकरी लागली. पूर्वीच्या रूममेटने आपल्या टीममध्ये रेफर केलं, दोन राउंड, आणि पगार जुन्यावर टक्के लावून. तो कंपल्सरी कॉलम तिने भरला. तसं हल्ली ती मला अजून लिंका पाठवते, आणि मीही वाचते. पण आता आम्ही ते वाचतो कादंबरी वाचावी तसं. त्यातून बोलायची वाक्यं उचलत नाही.

हे सगळं सीटीसीवाल्यांचं झालं. ज्यांचा कॉलमशी कधी संबंधच येत नाही, त्यांचा शोध आणखी निराळा. 2024 च्या पोलीस भरतीत राज्यात 17,471 जागा होत्या आणि अर्ज 17 लाखांच्या वर. एका जागेमागे शंभर. आदल्या वर्षीच्या तलाठी भरतीत चार हजारांवर जागा, दहा लाखांवर अर्ज, आणि अर्जाची फी खुल्या गटाला 1,000 रुपये, राखीव गटाला 900. इथे सीव्ही एक पानी असावा की दोन पानी, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत पोरं खुर्ची महिन्याच्या भाड्याने घेतात, आणि जाहिरात कधी निघणार, निकाल कधी लागणार, कोर्टात काय झालं, याची वाट बघतात. एक एक जागा भरायला इतका वेळ लागतो की वयाची अट आधी गाठते.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा त्याच 2024 च्या भरतीत लेखीला थोडक्यात हुकला. मैदानीला चांगले मार्क होते. रात्री तो एका एजन्सीतर्फे मॉलवर सिक्युरिटीला उभा राहायचा, बारा तासांची ड्यूटी, सकाळी येऊन झोपायचा, मग सोळाशे मीटर पळणार कधी? परवा जिन्यात भेटला. म्हणाला, "काकू, तुम्ही कंपनीत भरतीचं काम बघायचात ना? नोकरी सोडू का धरून ठेवू? पुढची जाहिरात निघेल म्हणतात." म्हटलं, बघा, आला की प्रश्न आपल्याकडे. मी अगदी कॉलमवाल्या बाईंसारखं मुद्देसूद सांगितलं. हातातली नोकरी सोडू नकोस, दिवसपाळी मागून बघ, जाहिरात निघेपर्यंत थांब, जाहिरातीचं काही खरं नसतं. त्याने नीट ऐकलं, दोनदा "बरोबर आहे" म्हणाला.

आठवड्याभरात वॉचमनकडून कळलं, पोराने नोकरी सोडली. आता पहाटे आणि संध्याकाळी मैदानावर असतो. अभ्यासिकेचे पैसे बहीण भरते, ती डी-मार्टमध्ये बिलिंगला आहे.